झेड सरांचं पाणी

किती वाजले असं विचारलं तर बहुतेक माणसं वेळ सांगतात. आमचे सर वेळ सांगून वर ती किती चुकीची असू शकेल तेही सांगायचे. "सव्वाअकरा. अधिक-उणे दोन मिनिटं." विचारणारा तोवर निघून गेलेला असायचा.

माणगावात हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब आहे. आम्ही पाणी तपासतो. विहिरी, बोअर, लॉजच्या टाक्या, मासळीला लागणाऱ्या बर्फाचे कारखाने. म्हसळ्यापासून मुरुडपर्यंतचं पाणी कॅनमधून आमचा जिना चढून वर येतं. मी तिथे केमिस्ट. सर गुणवत्ता अधिकारी होते, म्हणजे आम्ही केलेल्या कामावर संशय घेण्याचा त्यांना पगार मिळायचा. पगाराच्या मानानं ते काम जास्तच करायचे. आता ते दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर संशय घेतात. सुखी असतील.

मागून आम्ही त्यांना झेड म्हणायचो. का, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्यासारख्या लॅबचीही परीक्षा असते. एक संस्था एकाच पाण्याच्या बाटल्या भरून सगळ्या लॅबना पाठवते. प्रत्येकानं आपापलं तपासायचं आणि ठरलेल्या तारखेच्या आत आकडे कळवायचे. मग सगळ्यांचे आकडे एकत्र मांडून मध्य काढतात आणि तुम्ही त्या मध्यापासून किती लांब उभे आहात ते एका आकड्यात सांगतात. त्या आकड्याचं नाव झेड स्कोअर. वर असा की खाली, दोनच्या आत असलात तर समाधानकारक. दोन ते तीन शंकास्पद. तीनच्या पलीकडे असमाधानकारक, मग मान्यता राहते की जाते याची काळजी सुरू. आणि शून्य म्हणजे तुम्ही बरोब्बर मध्यावर. शून्य आलं की आमचे शेठ पेढे मागवायचे. सर खायचे नाहीत. म्हणायचे, "एकदा शून्य आलं तर नशीब. दोनदा आलं तर चौकशी."

ही पट्टी त्यांनी लॅबपुरती ठेवली असती तर माझी तक्रार नव्हती. पण ते डब्यातल्या आमटीला लावायचे, भाचीला सांगून आलेल्या स्थळांना लावायचे, एसटीला लावायचे. म्हसळ्याहून येणारी सकाळची गाडी रोज वीस मिनिटं उशिरा यायची आणि लोक स्टँडवर उभे राहून तिला शिव्या द्यायचे. सर तिची बाजू घ्यायचे. "गाडी चुकीची आहे, पण पक्की आहे. रोज तेवढीच चुकते. तिच्यावर विश्वास ठेवता येतो." शेजारी उभ्या असलेल्या एका गड्यानं त्यांना विचारलं होतं, "मास्तर, तुमी डेपोतले काय?"

त्यांच्या बायकोची आणि माझी एकदा बाजारात गाठ पडली. वांगी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, पण विचारलं तर म्हणतात, समाधानकारक."

"वहिनी, आमच्याकडे ते कौतुक समजतात," मी म्हटलं.

"तुमच्याकडे समजत असतील. मी वांगी देठापासून बघून घेते, तसं ह्यांनाही बघून घ्यायला हवं होतं."

चहाचा किस्सा तर अजून निघतो. लॅबमध्ये एकाच किटलीत चहा व्हायचा आणि साखरेवरून रोज कुरबुर. सरांनी सगळ्यांना किती चमचे लागतात ते विचारलं, आकडे चढत्या क्रमानं लावले आणि मधला उचलला. सरासरी का नाही काढली, मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, आपल्या ड्रायव्हरला पाच चमचे लागतात. सरासरी काढली तर त्याच्या एकट्यामुळे सगळ्यांच्या कपात पाक होईल. मधला माणूस कुणाच्या ओढण्यानं हलत नाही." तत्त्व चोख होतं. चहा मात्र बाकी कुणालाच आवडेनासा झाला. ड्रायव्हर खाली टायरवाल्याकडे जाऊन पिऊ लागला, मी बिनसाखरेचा डब्यातून आणू लागले, आणि किटलीतला मधला चहा सर एकटेच समाधानानं प्यायचे.

हे सगळं हसण्यावारी गेलं. परीक्षेच्या बाटलीचं गेलं नाही.

सर येण्याआधी ती बाटली आली की लॅबचं रूप मुलगी बघायला पाहुणे येणार असलेल्या घरासारखं व्हायचं. कपाटातली नवी काचेची भांडी निघायची. रसायनं ताजी बनवायची. यंत्राला सकाळपासून कुणी हात लावायचा नाही. एरवी विहिरीचं पाणी एकदा तपासून मोकळे होणारे आम्ही त्या बाटलीला पाच-पाच वेळा तपासायचो आणि त्यातले शोभतील ते आकडे ठेवायचो. तरीही धीर होत नसेल तर ओळखीच्या लॅबला फोन.

"तुमचं नायट्रेट किती आलं?"

"तुमचं आधी सांगा."

"आमचं पन्नासच्या आसपास."

"अहो, आमचंही!"

दोघंही खोटं बोलत असायचे, पण फोन ठेवेपर्यंत दोघांचंही पन्नास झालेलं असायचं. असं विचारायला सक्त मनाई असते. हुंडा घ्यायलाही असते.

सरांनी पहिल्याच बैठकीत हे बंद केलं. "पाहुण्यासाठी साजूक तूप घालून केलेलं वरण चाखून तुमच्या घरी रोज काय शिजतं ते कसं कळणार? त्या बाटलीला रोजचंच वाढायचं." आम्ही माना डोलावल्या. पुढच्या खेपेला बाटली आली तेव्हा पुन्हा नवी भांडी काढली. मग सरांनी उपाय केला तो असा: परीक्षेचं पार्सल ते स्वतःच्या घरी मागवू लागले. ते पाणी आमच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरायचं, तिच्यावर एखाद्या गिऱ्हाइकाचं बनावट नाव घालायचं आणि ती रोजच्या पंचवीस-तीस बाटल्यांत गुपचूप सोडून द्यायची. परीक्षा चालू आहे एवढंच आम्हाला माहीत. बाटली कुठली, ते फक्त त्यांना.

परिणाम व्हायचा तोच झाला. आम्ही तपासणी सोडून तपास करू लागलो. कोकणातल्या विहिरीच्या पाण्यात एखादं पान, थोडा शेवाळाचा वास असतो. ज्यात काहीच नाही ती परीक्षेची, असा माझा कयास. त्या हिशेबानं एका बर्फ कारखान्याच्या पाण्याची आम्ही दोन दिवस जावयासारखी बडदास्त ठेवली. सर बघत होते. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "बर्फवाल्याचं नशीब चांगलं."

दर खेपेला नवं नाव लागायचं. त्या वर्षी त्यांनी मुरुडचा एक लॉज निवडला, म्हणजे मनानं रचला. कसा, ते त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि तेव्हाही आवाजात थोडा अभिमान होताच. किनाऱ्यावरच्या पाट्या त्यांनी आठवून पाहिल्या. त्यांवर जे शब्द सगळ्यात जास्त वेळा येतात त्यातले दोन उचलून जोडले. कुणाला संशय येणार नाही इतकं साधारण नाव. इतकं साधारण नाव प्रत्यक्षात असणारच, एवढं सरळ गणित आयुष्यभर मधले आकडे काढणाऱ्या माणसाला सुचलं नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या लॉजच्या मालकीणबाईंना एकदा झालं तेवढं पुरे.

एरवी त्या बनावट गिऱ्हाइकाचा रिपोर्ट सर स्वतः छपाईयंत्रातून उचलून खिशात घालायचे. नेमके त्या दिवशी ते प्रशिक्षणासाठी पनवेलला. रिसेप्शनवरच्या सुषमाला या नावाचा मोबाइल नंबर सापडला, कारण तो खरा लॉज होता आणि तिथून कुणीतरी कधीकाळी तपासणीचे दर विचारले होते. सुषमानं रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिला. नायट्रेट मर्यादेच्या वर. शेरा, पिण्यास अयोग्य. खाली माझी सही.

बुधवारी लॉजच्या मालकीण आल्या. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, तिथून म्हसळा, म्हसळ्याहून माणगाव, आणि मग आमचा जिना. कमलताई त्यांचं नाव. कोळीवाड्यातल्या, साठीला आलेल्या, नवऱ्याच्या मागे चार खोल्यांचा लॉज एकटीनं चालवणाऱ्या. फोन त्यांनी माझ्यासमोर असा धरला की जणू मेलेला उंदीर.

"बाय, ही सही तुजी?"

"हो."

"मी पानी कवा दिलं?"

मी नोंद पाहिली. "कुरियरनं आलंय."

"मी पानी कुरियर करीन? घरापुढं समिंदर हाय म्हनून काय बी धाडीन?"

रिपोर्ट त्यांना स्वतःला वाचता आला नव्हता. भाच्यानं तो लॉजवाल्यांच्या ग्रुपवर टाकून विचारलं, हे काय असतं? समोरच्याच लॉजवाल्यानं तत्परतेनं उत्तर दिलं, संडासच्या टाकीचं पाणी बोअरमध्ये उतरलं की असं येतं. तिथून तो रिपोर्ट किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाला होता.

तेवढ्यात सर आले. त्यांनी फोनवरचं नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. मला तिथेच कळलं की परीक्षेची बाटली कुठली होती. त्यांना कळलं की मला कळलं.

"ताई, हा रिपोर्ट तुमच्या पाण्याचा नाही," ते म्हणाले.

"ते मला बी म्हाईत हाय. मंग कुनाच्या?"

"ते मला सोमवारपर्यंत सांगता येणार नाही."

आकडे कळवण्याची मुदत सोमवारपर्यंत होती. ती बाटली परीक्षेची होती असं आज बाहेर पडलं, तर जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबला आमचे आकडे फुकटात मिळाले असते. सरांच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता. कमलताईंच्या दृष्टीनं तो शनिवारी सुरू होणार होता.

"शनवारी पुन्याची पार्टी हाय. म्हातारी-कोतारी मान्सं. अख्खा लॉज घेतलाय दोन दीस. त्यांच्यातल्या येकानं तो रिपोर्ट बघलाय, काल फोन आला, पानी बरं हाय ना म्हनून. सोमवारी सांगशाल तर मी काय करू सायब? पूजा घालू? ही पार्टी गेली का नाव गेलं. मंग मे म्हैन्यात कोन येतंय?"

मी सरांना आत ओढलं. "सांगून टाका. ती बाई म्हणजे काही लॅब नाही."

"तिच्या फोनवरून किती लॅबना जाईल?"

"रिपोर्ट आत्ताही फिरतोच आहे!"

"आकडे फिरतायत मॅडम. ते कशाचे आहेत ते फिरत नाहीये. लॉजच्या रिपोर्टकडे कोण बघतो?"

शेठ आपल्या केबिनच्या दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी आपल्यापुरता निकाल दिला. "लेखी काही द्यायचं नाही. लॅबची चूक लॅबच्या बाहेर जाता कामा नये, काय?"

शेवटी सरांनी जो तोडगा काढला तो त्यांनाच शोभणारा होता. पहिली बाटली कुणाची ते सांगता येत नाही, तर यांचं खरं पाणी तपासून देऊ. त्याच दुपारी ते कमलताईंबरोबर एसटी, एसटी आणि फेरीबोट करत मुरुडला गेले. बोअरचं पाणी दहा मिनिटं वाहू दिलं. कमलताई नंतर सांगायच्या, "सायब हात बांदून बोअरसमोर हुबा, जसा काय आरतीला." मग बाटली भरली, पिशवीत घातली आणि परत आले.

गुरुवारी सकाळी कमलताई डबा घेऊनच हजर. "रिपोर्ट हातात पडल्याबिगर मी हलनार न्हाय." सुषमाच्या समोरच्या बाकड्यावर त्या बसल्या, अशा बसल्या की येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी त्यांच्याशी बोलावं लागे.

मी सरांकडे गेले. "त्यांची बाटली द्या. आधी तीच करते."

"ती गेली."

"कुठे गेली?"

"रांगेत. दुसऱ्या नावानं."

मी त्यांना काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ते शांत. "त्यांची आधी का करायची? बाकीच्यांना घाई नाही म्हणून, की ते बाहेर बाकड्यावर बसलेले नाहीत म्हणून?"

त्या दिवशी टेबलावर आलेली प्रत्येक बाटली कमलताईंची असू शकत होती. त्यामुळे प्रत्येक बाटलीला चांगली भांडी लागली, ताजी रसायनं लागली, आणि तळा गावच्या कुणा मोरेंच्या विहिरीलाही मी दोन-दोनदा तपासलं. दारातून अधूनमधून आवाज यायचा, "बाय, झालं काय गो?" संध्याकाळी सरांनी दिवसभराचे आकडे पाहिले. दुहेरी तपासण्या एकमेकींशी इतक्या जुळलेल्या त्यांनी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. ते गंभीरपणे म्हणाले, "या बाईंना रोज बोलवायला हवं."

कमलताईंचं पाणी उत्तम निघालं. नायट्रेट नावालाच. रिपोर्ट हातात मिळाला, पण त्या उठेनात. "ह्यो कागद पुन्याला कोन वाचनार? तुमी फोनवर सांगा." त्यांनी स्वतःच नंबर लावला. पार्टीचे म्होरके कुणी निवृत्त मुख्याध्यापक होते. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळं आम्ही ऐकलं.

"पाणी चांगलं आहे ना हो?" त्यांनी विचारलं.

एक 'हो' पुरला असता.

"काल घेतलेल्या नमुन्यात," सर म्हणाले, "तपासलेल्या घटकांपुरतं, आमच्या पद्धतीची अनिश्चितता धरून, ते मर्यादेत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मर्यादेत असण्याची शक्यता खूप जास्त आहे."

"शक्यता? आणि शनिवारी?"

"शनिवारचं मी आज कसं सांगणार? शनिवारचा नमुना शनिवारी."

मग मुख्याध्यापक म्हणाले की त्यांच्यात तिघांची बायपास झालेली आहे, आणि ते श्रीवर्धनचं बघतील.

कमलताईंनी फोन बंद केला. ओरडतील असं वाटलं होतं, पण आवाज खाली आला. "सायब, माझं पानी पास झालं, आनि तुमी मला नापास केलंत."

"मी खोटं काहीच बोललो नाही, ताई."

"न्हाय ना. खोटं बोलला असता तर ती म्हातारी मान्सं आली असती." डबा पिशवीत घालून त्या उठल्या. दारातून वळल्या. "पार्टी गेली ती गेली. पन त्ये घान पानी कुनाचं ते सांगा. तो रिपोर्ट अजून फिरतोय. माझ्या नावावरनं तो उतरवा."

सोमवार गेला. मंगळवारी सर शेठकडे खुलाशाचं पत्र घेऊन गेले. शेठनी ते वाचलं, दोनदा फाडलं आणि टोपलीत टाकलं. सर मला म्हणाले, कागदाशिवाय नुसतं तोंडी सांगून कोण मानणार, निकाल येऊ द्या, मग बघू. निकाल यायला काही आठवडे लागले. मधल्या काळात कमलताईंचा दर चार दिवसांनी सुषमाला फोन. मे महिन्यासाठी विचारणारे लोक विचारून गप्प होत होते, आणि समोरचा लॉजवाला वरचा मजला बांधायला काढत होता.

मग निकाल आला. नायट्रेट, शून्य. बाकीचंही सगळं शून्याच्या आजूबाजूला. इतका देखणा निकाल लॅबच्या इतिहासात नव्हता. शेठनी पेढे मागवले, टायरवाल्यापर्यंत वाटले. सर निकालाचा तक्ता घेऊन खिडकीशी बसले होते. तक्त्यात लॅबची नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. एरवी सगळ्यांचे आकडे अंगणात टाकलेल्या दाण्यांसारखे पसरलेले असतात. या वेळी बहुतेक सगळे एकाच ठिकाणी गोळा झाले होते, दशांशासकट. दोन लॅब तेवढ्या लांब पडल्या होत्या. त्यांना असमाधानकारक शेरा.

सरांचा फोन वाजला. पनवेलकडच्या एका लॅबचा केमिस्ट होता, आनंदात. "सर, यंदा सगळ्यांना शून्य! तुमची कृपा."

"माझी कशी?"

"तुमचा तो लॉजचा रिपोर्ट हो! फिरत फिरत आपल्या लॅबवाल्यांच्या ग्रुपवर आला. बघितला तर क्षार, कठीणपणा, सगळं आमच्या परीक्षेच्या बाटलीशी जुळणारं. म्हटलं, हे तेच पाणी. आमचं नायट्रेट जरा खाली येत होतं. पण तुमच्या लॅबचा आकडा म्हणजे विचारायलाच नको. तोच टाकला. सगळ्यांनीच टाकला."

सरांनी फोन ठेवला. परीक्षेच्या पाण्याची उरलेली मूळ बाटली मुदत संपल्यावर त्यांनी फ्रिजमध्ये आणून ठेवली होती; ती काढली आणि नवी भांडी, ताजी रसायनं घ्यायला लावून, माझ्याशेजारी उभं राहून नायट्रेट पुन्हा करून घेतलं. आमचा रिपोर्टमधला आकडा थोडा वर गेलेला होता. रोजच्या बाटलीत जेवढा जातो तेवढाच; मी रोजचंच वाढलं होतं, त्यांच्याच सांगण्यावरून. खरं उत्तर त्या नापास झालेल्या दोन लॅबच्या जवळ होतं. आम्ही एकटे चुकलो असतो तर शंकास्पद ठरलो असतो. सगळे आमच्यासारखे चुकले म्हणून आम्ही अचूक ठरलो. आणि ज्या दोघांनी ग्रुप न बघता आपलं आपण तपासलं, ते परीक्षेत नापास.

"सर, आपण कुणाची नक्कल केलेली नाही," मी म्हटलं. "आपल्याला काय त्याचं?"

"मॅडम, आपण आपल्याच सावलीशी उंची मोजली."

त्यांनी कुणाला न विचारता परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पत्र पाठवलं. त्यात लिहिलं, "आमचे आकडे माझ्या चुकीमुळे मुदतीआधी बाहेर गेले, मध्य त्यामुळे सरकलेला आहे, ही फेरी रद्द करावी." संस्थेनं ती रद्द केली. दोन नापास लॅबचा शेरा पुसला गेला आणि बाकी सगळ्यांची शून्यं गेली, आमच्यासकट. आजूबाजूच्या लॅबनी सरांशी बोलणं टाकलं. शेठ केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "लोक झेड वाढला म्हणून रडतात, याला शून्य आलं म्हणून दुखलं! पेढे कुणाच्या बापाचे होते?" मग त्यांनी लेटरहेडचा गठ्ठा कपाटात घातला आणि चावी खिशात.

म्हणून कमलताई पुन्हा आल्या तेव्हा लिहून द्यायला सरांकडे कागदच नव्हता. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. बाटली, बनावट नाव, ग्रुप, शून्य. कमलताई न हलता ऐकत होत्या.

"म्हंजी त्ये पानी कुनाचंच न्हवतं?"

"कुणाचंच नाही. कारखान्यात बनवलेलं."

"कुनाचंच न्हाय म्हनून माझ्या गळ्यात?"

"हो."

"आनि ह्या लॅबवाल्यांनी येकमेकांचं बघून लिवलं?"

"हो."

"मंग तुमच्यात पास कोन झालं?"

"कुणीच नाही. परीक्षा रद्द झाली."

कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस नेहमी असाच आहे का, असं त्या नजरेत होतं. मी मान डोलावली. त्यांनी कमरेचा फोन काढला, लॉजवाल्यांचा ग्रुप उघडला आणि बोलून पाठवायचं बटण दाबून तो सरांच्या तोंडासमोर धरला. "कागद नको. हितं बोला. थोडक्यात. त्ये शक्यता-बिक्यता न्हाय काय."

शेठनी लेखीला मनाई केली होती, बोलायला नव्हती. सरांनी घसा साफ केला. "मी माणगावच्या लॅबमधून बोलतोय. यांच्या नावानं फिरतोय तो रिपोर्ट यांच्या पाण्याचा नाही. ते पाणी आमच्या परीक्षेसाठी कारखान्यात बनवलेलं होतं. नाव मी घातलं, चूक माझी. यांचं पाणी मी स्वतः आणून तपासलंय. ते सध्या मर्यादे..."

कमलताईंनी बोट सरकवून ते पुसून टाकलं. "परत. चांगलं हाय म्हना."

सरांनी परत सगळं म्हटलं. चांगलं आहे म्हणताना त्यांचा घाम मला दिसला, पण म्हटलं.

कमलताईंची दुपारची एसटी सुटण्याआधीच मे महिन्याचं विचारून गप्प झालेल्या एका पार्टीचा त्यांना फोन आला. जिन्यातून त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, "व्हय, पानी मशीनवर तपासलेलं हाय, सायबानं सोता!"

आमचा फोन त्यानंतर लागलीच वाजला. मुरुडचाच दुसरा एक लॉज. "आमचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट वाईट आला होता, तेही कारखान्याचंच पाणी होतं ना?" मग एक बर्फवाला. मग समोरचा तो वरचा मजला बांधणारा. मग म्हसळ्याकडचे कुणी ग्रामपंचायत सदस्य, गावच्या विहिरीबद्दल, आवाजात मोठी आशा. ज्यांचे ज्यांचे रिपोर्ट कधीकाळी वाईट आले होते त्या सगळ्यांना एकाच दुपारी कळून चुकलं होतं की ते पाणी त्यांचं नसणार. शेठ डोकं धरून बसले. सुषमानं फोन बाजूला काढून ठेवायचं म्हटलं.

सरांनी खुर्ची ओढून घेतली आणि फोन स्वतः घेतला. प्रत्येकाचं नाव विचारून नोंद उघडायचे, नीट बघायचे, आणि प्रत्येकाला शांतपणे एकच सांगायचे.

"नाही. ते तुमचंच होतं."